तारेवरचा आकडा, कागदावरचा आकडा

मॅनेजमेंटच्या पेपरला 'संघटनेची रचना' हा प्रश्न हमखास येतो. चौकोन काढायचे, रेघांनी जोडायचे, वर 'मॅनेजिंग डायरेक्टर' आणि खाली 'वर्कर' लिहायचं, मार्क पक्के. उदाहरण मागितलं की मुंबईचे डबेवाले धावून येतात. डबेवाल्यांबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण दरवर्षी किती वेळा त्यांना आपल्या पेपरात सायकली हाकायला लावायच्या? यंदा त्यांना सुट्टी देऊ. रचना बदलली की धंद्याचं काय होतं आणि काय होत नाही, हे बघायला अंबाजोगाईकराला मुंबईला जायची गरज नाही. दुचाकीवर अर्ध्या-पाऊण तासाच्या टापूत सगळं उदाहरण उभं आहे. परळीला औष्णिक वीज केंद्र, गिरवलीला उच्चदाबाचं उपकेंद्र आणि गावात बिल भरायचं ऑफिस. एके काळी या तिन्हींवर एकच पाटी होती. आता तीन वेगळ्या पाट्या आहेत.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० ला स्थापन झालं. वीज तयार करायची, टॉवरवरून वाहून न्यायची, खांबावरून घरात पोचवायची आणि बिलही वसूल करायचं, सगळं एकाच घरात. २००३ चा वीज कायदा आला आणि त्यानुसार ६ जून २००५ ला मंडळाचे तुकडे पडले. महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि या तिघींच्या डोक्यावर एक सूत्रधारी कंपनी. आज इतकी वर्षं झाली तरी आपल्याकडे मीटर बघायला माणूस आला की आजी ओरडून सांगते, "एमएसईबीवाला आलाय!" आजीचं चुकत नाही. तिच्या दारापर्यंत बदल पोचलाच नसेल तर तिने नवीन नाव का पाठ करावं?

बऱ्याच जणांचं मत असं, की विभाजन म्हणजे जुन्याच खुर्च्यांना नवीन पाट्या. संचालक वाढले, गाड्या वाढल्या, बाकी काही नाही. मला हे अर्धंच पटतं. का, ते आपल्याच भाषेत सांगतो.

थर्मोडायनॅमिक्समध्ये आपण पहिल्या तासाला काय शिकतो? आधी सिस्टिमची बाउंडरी आखा. बाउंडरी आखली की तिच्यातून आत काय येतं आणि बाहेर काय जातं याचा हिशोब द्यावाच लागतो. बाउंडरीच नसेल तर ऊर्जा कुठे गेली हे कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी उत्तर मिळत नाही. संस्थेचंही असंच आहे असं मला वाटतं. रचना बदलणं म्हणजे कुणाला प्रमोशन कुणाला बदली एवढंच नाही. नवी बाउंडरी आखली की तिथे मीटर बसतं. एक दुसऱ्याला बिल लावतो. बिल आलं की दुसरा ते तपासतो. आधी जे कुणालाच माहीत नव्हतं ते निदान दोघांना माहीत होतं.

अखंड मंडळाच्या काळात तयार झालेली वीज आणि विकलेली वीज यातला फरक म्हणजे गळती. पण शेतीपंपांना मीटर नाही, मग शेतीने किती वापरली? अंदाजाने. अंदाज जितका मोठा, तितकी गळती लहान. मंडळ वर्षानुवर्षं अठरा टक्क्यांच्या आतबाहेर गळती सांगत आलं. झाकली मूठ सव्वा लाखाची! १९९९ मध्ये राज्य वीज नियामक आयोग आला, त्याच्यासमोर दरवाढ मागायला गेल्यावर हिशोब मांडावा लागला, आणि २००० सालच्या सुनावणीत खरी गळती तीस टक्क्यांच्या वर असल्याचं उघड झालं. तारा त्याच, खांब तेच, चोर तेच. बदललं एवढंच, की प्रश्न विचारणारा एक माणूस घराबाहेर बसवला गेला. विभाजनाच्याही पाच वर्षं आधीची ही गोष्ट. रचनेत काय ताकद असते याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

आता परळीकडे या. परळीचा पहिला संच १९७१ चा, ३० मेगावॅटचा. पुढे २१० चे तीन आणि २५० चे संच आले, आणि मराठवाड्यातल्या कित्येक घरांत 'थर्मलला आहे' एवढं सांगितलं की मुलाचं लग्न जमायचं. मंडळ एक होतं तोवर परळीची वीज महाग की स्वस्त हा प्रश्न घरातला होता. आईच्या हातच्या भाकरीची किंमत कोण काढतो? विभाजनानंतर परळी झाली विक्रेता आणि महावितरण झाली गिऱ्हाईक. गिऱ्हाईक काय करतं? स्वस्त माल आधी उचलतं. याला 'मेरिट ऑर्डर' म्हणतात: ज्या संचाचं युनिट स्वस्त त्याला आधी चालवायचं, महागड्याला रांगेत शेवटी. परळीचा कोळसा दूरच्या खाणींतून रेल्वेने येतो, भाडंच अंगावर येतं. त्यात पाण्याची बोंब. २०१३ च्या दुष्काळात तर खडक्याच्या बंधाऱ्यात पाणी उरलं नाही म्हणून अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं. पण पाणी असतानाही 'वीज महाग पडते' म्हणून इथले संच थांबवून ठेवल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत.

संच थांबला की कायम नोकरीवाल्याचा पगार चालू राहतो. कंत्राटी कामगार, राखेचे ट्रक आणि चहाची टपरी मात्र थांबते. म्हणून रचनेतला बदल हा सगळ्यांना गोड लागतो असं मॅनेजमेंटच्या पुस्तकात लिहिलेलं असतं ते मला खरं वाटत नाही. हिशोब उघड झाला की कुणाचा तरी तोटाही उघडा पडतो. यात परळीच्या कामगाराचा दोष काय? काही नाही. खाण लांब आहे आणि पाऊस कमी आहे, हे त्याने केलेलं नाही. तरीही हिशोब झाकून ठेवावा असं मी म्हणणार नाही. परळी चालवायची तर ती मराठवाड्यातल्या रोजगारासाठी चालवतो आहोत, त्याचे इतके पैसे पडतात, असं उघड सांगून चालवावी.

तीन बहिणी वेगळ्या झाल्या, पण मालक एकच, सरकार. त्यामुळे महावितरण महानिर्मितीचे पैसे थकवते, महानिर्मिती कोळसा कंपन्यांचे थकवते, आणि कोणीच कोणाचं दुकान बंद करू शकत नाही. तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना! बिल लावता येतं, पण बिल न भरल्याचा परिणाम काहीच नाही. तरी निदान किती थकले ते कागदावर दिसतं. पूर्वी तेही दिसत नव्हतं.

विभाजनानंतर महावितरणने बाउंडरी आणखी खाली नेली, फीडरपर्यंत. फीडर म्हणजे उपकेंद्रातून निघणारी ११ केव्हीची लाइन. फीडरला मीटर बसले, आणि गळती व वसुली बघून फीडरांचे ए पासून जी पर्यंत गट पाडले. ए गटाला भारनियमन कमी, जी गटाला सगळ्यात जास्त. आमच्या पिढीने रॉकेलच्या चिमणीवर अभ्यास केला तो याच गटांच्या कृपेने. कल्पना हुशार होती, जिथे पैसे भरले जातात तिथे वीज आधी. पण एका फीडरवर शेकडो घरं, कित्येकदा चार-पाच गावं. त्यातला जो मुकाट्याने बिल भरतो तोही जी गटात, आणि जो आकडा टाकतो तोही जी गटात. चोर सोडून संन्याशाला फाशी. मग संन्यासी काय विचार करतो? भरूनही अंधार आणि न भरूनही अंधार, तर भरू कशाला?

इथे बाउंडरी चुकीच्या जागी आखली गेली असं माझं म्हणणं आहे. शिक्षा ज्या गटाला होते तो गट एवढा मोठा आहे की त्यातला एकही माणूस दुसऱ्याला ओळखत नाही, आवरू तर मुळीच शकत नाही. एकमेकांना ओळखणारा गट गावात एकच, एका डीपीवरचे लोक.

डीपी म्हणजे आपलं वितरण रोहित्र. शेतातला साधारण ६३ किंवा १०० केव्हीएचा. त्यावर पंधरा-वीस मोटारी. कोणाची मोटार किती अश्वशक्तीची, कोणी परवान्यावर ३ लिहून ५ ची बसवली, कोणाची विहीर फेब्रुवारीतच आटते, हे त्या वीस जणांना तोंडपाठ असतं. कंपनीला मात्र यातलं काहीच माहीत नसतं, कारण हिशोब फीडरला थांबलेला. त्याच्या खाली पुन्हा अंदाज. मीटर नसलेल्या पंपाला अश्वशक्तीवर बिल, आणि मीटर असलेल्याचंही बऱ्याच ठिकाणी सरासरीने.

मराठीत 'आकडा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत हा काय योगायोग आहे कोण जाणे! एक आकडा तारेवर टाकतात, दुसरा कागदावर. तारेवरचा आकडा सगळ्यांना दिसतो, त्याचा फोटो पेपरात येतो. कागदावरच्या आकड्याचा फोटो निघत नाही.

समजा एक पंप ५ अश्वशक्तीचा. म्हणजे ३.७३ किलोवॅट. तो वर्षाला १५०० तास चालतो असं धरलं तर ५५९५ युनिट झाले. पण विहिरीला पाणीच नसल्याने तो प्रत्यक्षात १००० तासच चालला, तर ३७३०. फरक १८६५ युनिटचा, एका पंपाला. डीपीवर वीस पंप धरले तर ३७,३०० युनिट. हे तास मी हिशोबापुरते घेतले आहेत, पण मुद्दा लक्षात घ्या. ही ३७ हजार युनिट वीज शेतकऱ्याने वापरलेली नाही, ती दुसरीकडेच कुठे तरी गेली. गावठाणातल्या आकड्यात गेली असेल, शहरातल्या एखाद्या कारखान्याच्या फेरफार केलेल्या मीटरात गेली असेल, जुन्या तारांत उष्णता होऊन गेली असेल. कागदावर ती शेतकऱ्याच्या नावावर पडली. उलटही होतं; परवाना ३ चा आणि मोटार ५ ची असेल तर शेतकऱ्याचाही कागद खोटाच. दोन्ही बाजूंनी अंदाज, आणि भांडण मात्र खात्रीने!

शेतीचा वापर फुगवून गळती झाकली जाते हा आक्षेप ग्राहक संघटना आणि वीजतज्ज्ञ कित्येक वर्षं घेत आले. २०२० च्या दर आदेशात नियामक आयोगानेही शेतीवापराचा अंदाज खाली आणला आणि त्या प्रमाणात गळती वर नेली. म्हणजे २००० साली जी मूठ उघडली होती ती मधल्या काळात पुन्हा मिटलेली होती. बाउंडरी एकदा आखून भागत नाही.

आता एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आहे, मार्च २०२९ पर्यंत. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, चांगलं झालं. आमच्या घरीही झालं. पण रचनेच्या बाजूने बघा. पूर्वी चुकीचं बिल आलं की शेतकरी निदान ऑफिसात जाऊन आरडाओरडा करायचा. आता त्याला बिलाशी देणंघेणं नाही. बिल सरकार भरणार, कंपनी लावणार, आणि ज्याच्या नावावर वापर दाखवायचा तो तिथे हजरच नाही. आकड्यावर शंका घेणारा शेवटचा माणूस आपण घरी पाठवला.

याचं मला एवढं का लागतं? कारण 'मराठवाडा म्हणजे वीजचोर' हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं आहे. पुण्याच्या होस्टेलवर ऐकलं, कॅम्पसच्या इंटरव्ह्यूला आलेल्या साहेबांकडून ऐकलं. आपल्याकडे चोरी होते, नाही म्हणण्यात अर्थ नाही. संध्याकाळी कुठल्याही रस्त्याने जा. पण किती होते? मोजल्याशिवाय एका अख्ख्या प्रदेशाला चोर म्हणायचं आणि मोजल्याशिवाय आपण ते नाकारायचं, दोन्ही सारखंच. माझ्या शेतकऱ्याला चोर म्हणायचं असेल तर आधी मीटर दाखवा, आणि चोर नसेल तर त्याच मीटरने त्याची सुटका होऊ द्या.

मग उपाय काय? 'प्रायव्हेट करा' असं एक टोक, 'हात लावू नका' असं दुसरं. मला दोन्ही टोकांचा कंटाळा आला आहे. भिवंडीची वीज जानेवारी २००७ पासून टोरेंटकडे फ्रँचायझी म्हणून गेली आणि तिथली गळती खूप खाली आली. तेच औषध २०११ मध्ये आपल्या तेव्हाच्या औरंगाबादला दिलं, जीटीएल कंपनीकडे. थकबाकी वाढली आणि २०१४ मध्ये करार रद्द करावा लागला. सहकाराचं औषधही महाराष्ट्राने घेऊन बघितलं. श्रीरामपूरकडे मुळा-प्रवरा ही वीज सहकारी संस्था चार दशकं वीज वाटत होती. सभासदच मालक, सभासदच थकबाकीदार. मालकाची वीज नोकराने कशी तोडायची? २०११ मध्ये परवाना संपला आणि भाग महावितरणकडे आला. मालक सरकारी, खाजगी की सहकारी यावर सगळं अवलंबून असतं तर ही तिन्ही उदाहरणं अशी उलटसुलट निघाली नसती.

गुजरातने २००५ मध्येच मंडळ मोडलं, पण वितरणाच्या एका ऐवजी चार कंपन्या केल्या. आपण भांडुपपासून गडचिरोलीपर्यंत एकच ठेवली. कारण उघड आहे: पुणे, कल्याणच्या कारखान्यांचा पैसा बीड, हिंगोलीच्या पंपांना आधार देतो. कंपन्या वेगळ्या केल्या तर मराठवाड्याचं काय, ही भीती खोटी नाही. पण गुजरातने त्यावर तोड काढली. वरची मूळ कंपनी चारही जणींना वेगवेगळ्या भावाने वीज देते, म्हणून गिऱ्हाईकाचा दर सगळीकडे सारखा ठेवता येतो. कोणाला किती आधार दिला ते मात्र हिशोबात दिसतं. आपल्याकडे २०१६ मध्ये चार प्रादेशिक कार्यालयं झाली, त्यातलं एक आपल्या मराठवाड्यासाठी. शाखा, उपविभाग, विभाग, मंडळ, परिमंडळ या उतरंडीवर आणखी एक मडकं चढलं. मडकं वर चढवण्याऐवजी खाली एक ठेवायला हवं होतं असं माझं मत.

खाली म्हणजे डीपीवर. केंद्राच्या २०२१ च्या आरडीएसएस योजनेत डीपीलाही मीटर बसवायचं आहे, म्हणजे यंत्र येईल. पण ते वाचून जबाबदारी कोण घेणार? आज लाइनमन खांबावरही चढतो आणि थकबाकीसाठी दारातही उभा राहतो. ज्याला सकाळी वीज तोडायला पाठवलं त्यालाच संध्याकाळी त्याच गल्लीत फ्यूज टाकायला जायचं आहे. तो कोणाशी वाकडं घेईल? ही दोन कामं वेगळी करावीत अशी चर्चा कंपनीतही आहे, आणि कर्मचारी कमी होतील म्हणून संघटनांचा विरोधही आहे. दोघांचंही ऐकण्यासारखं आहे. तीन हजारांपर्यंतच्या वस्तीच्या गावात ग्रामपंचायतीमार्फत 'ग्राम विद्युत व्यवस्थापक' नेमायचं २०१६ मध्ये ठरलं होतं. आयटीआय झालेल्या पोरांना गावातच काम, कल्पना झकास. पण त्याने ऐकायचं कोणाचं, सरपंचाचं की इंजिनिअरचं? दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं त्या योजनेचं झालं.

डीपीवरची आणखी एक गंमत सांगतो, ती आपल्या विषयातली आहे. मोटारीला कपॅसिटर बसवला की पॉवर फॅक्टर सुधारतो, करंट कमी होतो, डीपीवरचा भार हलका होतो. किंमत फार नाही. तरी कोणी बसवत नाही. कारण खर्च माझा आणि थंड होणार सगळ्यांचा डीपी. उलट ऑटोस्विच मात्र प्रत्येकाने बसवलेला. रात्री वीज आली की वीसच्या वीस मोटारी एकाच क्षणी उठतात, आणि डीपी जळतो. मग ऐन ज्वारी-हरभऱ्याच्या पाळीला सगळेच कोरडे. ही माणसं अडाणी नाहीत. डीपी कोणाच्याच हिशोबात नाही, म्हणून प्रत्येकजण आपापल्या हिशोबाने शहाणपणाने वागतो आणि सगळ्यांचं मिळून वाटोळं होतं. त्याच वीस जणांचा डीपीनिहाय गट केला, मीटरचा आकडा दर महिन्याला डीपीच्या पेटीवर खडूने लिहिला, आणि जळण्याचं प्रमाण कमी राहिलेल्या डीपीला दुरुस्तीत पहिला नंबर दिला, तर? यात नवीन कंपनी नको, नवीन संचालक नको.

हे सगळं लिहिताना मला एवढंच दिसतंय, की आपल्या इलेक्ट्रिकलच्या फायनल इयरला दरवर्षी प्रोजेक्टसाठी विषय शोधत पोरं वणवण फिरतात आणि शेवटी तयार किट आणून रंगरंगोटी करतात. त्यापेक्षा यंदा चौघांनी मिळून अंबाजोगाई विभागाची रीतसर परवानगी काढावी आणि जवळच्या शिवारातला एक १०० केव्हीएचा डीपी निवडावा. खालच्या बाजूला सीटी आणि मीटर कंपनीच्या माणसाकडूनच बसवून घ्यायचे. वीस पंपांच्या नेमप्लेटा उतरवून घ्यायच्या, विहिरींचं पाणी महिन्यातून एकदा मोजायचं, आणि जूनपर्यंतचे तास लिहून काढायचे. निम्म्या मोटारींना कपॅसिटर लावून आधीचा-नंतरचा करंट बघायचा. शेवटी दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायचे: त्या डीपीवर कागदावर किती वापर दाखवलाय, आणि मीटरमधून किती गेला. कोणाला यायचं असेल तर सांगा. माझी दुचाकी आहे, पेट्रोल वर्गणीने.